मॉरिशसची चाकरी : कागद आणि वचन

परदेशीं जाण्यापूर्वीं तेथील चाकरी पक्की करून घ्यावी, हा विचार आजच्या तरुणास जितका स्वाभाविक वाटतो, तितकाच तो एकोणिसाव्या शतकांतील मजुरासही वाटत होता. ती पक्की कशी होई, तिचा कागद कोण वाचून दाखवी आणि वचन मोडल्यास दाद कोठें लागे, या प्रश्नांचा विचार मॉरिशस बेटाच्या उदाहरणावरून येथें करण्याचें योजिलें आहे. इ. स. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत या बेटावर साडेचार लाखांच्या आसपास हिंदी माणसें उतरलीं. त्यांपैकीं बहुतेक कलकत्त्याहून, त्याखालोखाल मद्रासेहून आणि सर्वांत थोडीं मुंबईहून गेलीं. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरीकडील मराठी बोलणारीं माणसें होतीं, व त्यांचे वंशज आजही तेथें मराठी म्हणून ओळखले जातात. सबब हा विषय आमच्या संशोधनाच्या कक्षेबाहेरचा नाहीं.

प्रथम आपल्याकडील जुना दंडक पाहूं. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत कर्मकर व भृतक यांचे नियम सांगितले आहेत. मजुराचा धन्याशीं ठरलेला संबंध शेजाऱ्यापाजाऱ्यांस ठाऊक असावा, वेतन ठरल्याप्रमाणें द्यावें, न ठरल्यास कृषीवलास पिकाचा व गवळ्यास तुपाचा दहावा भाग मिळावा, वाद पडल्यास साक्षीवरून निर्णय व्हावा, असें तो म्हणतो. वेतन घेऊन काम न करणाऱ्या भृतकास बारा पणांचा दंड आहे. तसाच वेतन न देणाऱ्या धन्यासही दंड आहे. येथें दोन गोष्टी ध्यानांत धरण्याजोग्या आहेत. दंड उभयपक्षीं आहे, आणि करार जाणणारे साक्षी मजुराच्या शेजारचेच आहेत. समुद्रापलीकडील चाकरींत नेमक्या याच दोन गोष्टी दुर्मिळ झाल्या.

मॉरिशसच्या करारांपैकीं प्रसिद्ध असा करार ता. १० सप्टेंबर १८३४ रोजीं कलकत्त्यास झाला. एका पक्षीं हंटर-अर्बथनॉट कंपनीतर्फें अर्बथनॉट साहेब व दुसऱ्या पक्षीं ३६ डोंगरी मजूर होते. मुदत पांच वर्षांची व पगार दरमहा पांच रुपये असून त्यांतील एक रुपया परतीच्या भाड्यासाठीं राखून ठेवावयाचा होता. सहा महिन्यांचा पगार आगाऊ मिळाला. अन्नवस्त्र धन्याकडे होतें. पोलिसच्या मॅजिस्ट्रेटासमोर करार समजावून देण्यांत आला व मजुरांनीं निशाण्या केल्या. ‘अॅटलास’ जहाजानें हे लोक ता. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं पोर्ट लुईस येथें पोंचले. कागदांत या मजुरांस ‘धांगर’ म्हटलें आहे. त्यावरून ते आमच्या देशावरील धनगर असावेत असा समज होण्याचा संभव आहे. परंतु ही संज्ञा त्या काळीं कलकत्त्याकडे छोटा नागपुरच्या डोंगरी लोकांस लावीत. नामसादृश्यावरून जाति ठरवूं नये, याचें हें चांगलें उदाहरण होय.

या करारांत रकमा स्पष्ट आहेत, मुदत स्पष्ट आहे, अधिकाऱ्याची साक्षही आहे. तरी ज्यानें निशाणी केली त्यास तो कागद वाचतां येत नव्हता, आणि साक्षी कलकत्त्यास राहिला. पुढें मजुरांच्या हालांचा बोभाटा कलकत्त्यांत व विलायतेंत झाला, आणि १८३८-३९ मध्यें सरकारनें ही निर्यात बंद केली.

इ. स. १८४२ मध्यें ती पुन्हा सुरू झाली तेव्हां नियम उलटा करण्यांत आला. आतां हिंदुस्थानांत करार करावयाचाच नाहीं. मजुरानें बेटावर उतरावें, दोन दिवस डेपोंत विसावा घ्यावा आणि मग आपला धनी स्वतः निवडून एक वर्षाचा करार करावा, अशी योजना होती. अर्थात् प्रयाणापूर्वीं चाकरी ठरविणें हेंच फसवणुकीचें मूळ मानलें गेलें. हेतु चांगला होता. परंतु अनोळखी बेटावर दोन दिवसांत धनी पारखावा कसा? माणूस ठरविल्यावांचून घर सोडीत नाहीं. म्हणून कागदाची जागा तोंडी वचनानें घेतली. मळेवाले आपल्याकडील जुन्या मजुरांस, विशेषतः सरदारांस, म्हणजे टोळीच्या मुकादमांस, मायदेशीं पाठवूं लागले. असा मनुष्य गांवीं येई, भाऊबंदांस व जातभाईंस गोळा करी आणि आपल्याच मळ्यावर नेई. कौटिल्याचा शेजारी साक्षी या रीतीनें परत आला खरा. पण आतां तो धन्याचाच चाकर होता. आप्ताच्या शब्दामुळें पुष्कळांस आधार मिळाला असेल, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तो शब्द कोणत्याही दप्तरांत नोंदला गेला नाहीं, आणि तो मोडल्यास मॅजिस्ट्रेटापुढें मांडण्यास कांहींच नव्हतें.

उलट मजुराकडून कसूर झाल्यास ती मात्र काटेकोर नोंदली जाई. एका दिवसाच्या गैरहजेरीबद्दल दोन दिवसांचा पगार कापण्याची चाल होती. कराराची मुदत वाढत जाऊन पांच वर्षांवर आली. १८६७ च्या कायद्यानें मुदत संपलेल्या जुन्या मजुरांसही छायाचित्राचा परवाना जवळ बाळगावा लागला. १८७१ मध्यें ९,४०१ मजुरांनीं आडोल्फ द प्लेविट्झ याच्या साह्यानें अर्ज केला. त्यावरून १८७२ त फ्रियर व विल्यमसन यांचें रॉयल कमिशन आलें. मुळांत या सर्व पद्धतीवर कायदे कौन्सिलांत घाव घातला तो नामदार गोखले यांनीं. नाताळसाठीं होणारी मजूरभरती बंद करण्याविषयींचा त्यांचा ठराव फेब्रुवारी १९१० मध्यें मान्य झाला. सर्वच ठिकाणची करारपद्धति बंद करावी हा मार्च १९१२ चा ठराव फेटाळला गेला. तरी १९१७ मध्यें ही भरती थांबलीच.

आतां संग्राहकांस विनंती. मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत या लोकांच्या नोंदवह्या जतन केलेल्या आहेत. त्यांत नांव, बापाचें नांव, वय, जात, गांव व जहाज हीं सांपडतात, आणि पुढील काळांतील पुष्कळांचीं छायाचित्रेंही आहेत. परंतु परक्या कारकुनानें कानांस ऐकूं आलें तसें लिहिलेलें गांवाचें नांव ओळखणें हें काम कोंकणच्या माहितगारानेंच करावयाचें आहे. शिवाय त्या वह्या फक्त सरकारी कागद होत. सरदारानें गांवीं दिलेलें वचन त्यांत नाहीं. तें असल्यास इकडील घरांतील मोडी पत्रांत, सावकाराच्या खतांत किंवा भाऊबंदांच्या वाटणीपत्रांत ‘अमका परमुलखीं गेला’ अशा एखाद्या ओळींत असेल. सनदा व वतनपत्रें शोधतांना असे चिटोरे आम्ही बाजूस टाकीत आलों. यापुढें त्यांची नक्कल करून, गांव व तारीख नोंदवून, तीं मंडळाकडे पाठवावीं. बेटावरील वहींतील एखाद्या नांवाशीं असा एक कागद जुळला, तरी त्या मनुष्यास निघण्यापूर्वीं काय सांगितलें होतें आणि तेथें काय मिळालें, हें शेजारीं शेजारीं ठेवून वाचतां येईल.