मायक्रोकंट्रोलर निवडताना : वाळूचं घड्याळ आणि लाल मणी

"प्रोजेक्टसाठी कुठला मायक्रोकंट्रोलर घेऊ?" हा प्रश्न चार हौशी लोकांत टाकून बघा. एक म्हणेल आर्डुइनो, दुसरा ईएसपी३२, आणि तिसरा (हा बहुधा पन्नाशीचा असतो) अजूनही ८०५१. माझ्या डोक्यात सध्या एक छोटंसं यंत्र आहे, तान्ह्या मुलाचे श्वास मिनिटभर मोजायला मदत करणारं. निव्वळ हौस, दवाखान्यात वापरायला नाही. पण चिप निवडायला बसलो आणि इतिहासातच अडकलो, कारण हे यंत्र गडचिरोलीत तीसेक वर्षांपूर्वीच बनलंय. तेही चिपशिवाय.

२६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरचा तुकडा पाडून गडचिरोली जिल्हा झाला. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचं काम तिथे सुरू झालं. लहान मुलांच्या मृत्यूंचं एक मोठं कारण होतं न्यूमोनिया. एक्स-रे लांबच, जंगलातल्या गावात डॉक्टर पोचणंही मुश्किल. पण न्यूमोनियाची एक खूण साध्या डोळ्यांना दिसते: श्वास जोरात चालतो. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, त्याहून मोठं असेल तर ५०. (आता वर्षावरच्या मुलांसाठी ४० धरतात.) गावातल्याच लोकांनी हे ओळखून औषध द्यायचं, असा प्रयोग झाला. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये आकडे आले: प्रयोगाच्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू हजारी ८.१, तुलनेच्या गावांत १७.५.

आता अडचण बघा. मोजणारी बाई कोण? गावची सुईण, शाळेचं तोंड न पाहिलेली. एक डोळा बाळाच्या पोटावर, दुसरा सेकंदकाट्यावर, आणि तोंडाने पन्नासपर्यंत आकडे? आपल्यालाही जमणार नाही! म्हणून बंग दांपत्याने श्वासमापक बनवला. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. वरची ओळ लहानग्यांसाठी: पाच हिरवे मणी, एक लाल. खालची मोठ्यांसाठी: चार हिरवे, एक लाल. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. १९९२ साली त्यावर शोधनिबंधही आला.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा टायमर, दहाने भागणारा काउंटर आणि दोन कंपॅरेटर. मेमरी म्हणजे मणी, लाईट गेली तरी न पुसणारी. सुईणीला फक्त दहापर्यंत मोजायचंय. शिवाय बाळाचं वय हा इनपुट कुठे 'टाकायचा' नाही, ओळ निवडली की झालं. इतका स्वच्छ इंटरफेस मी आमच्या ऑफिसात पाहिलेला नाही.

त्या काळात चिप नव्हत्या का? होत्या की! ८०५१ तर १९८० पासून होती: ४ किलोबाइट रॉम, १२८ बाइट रॅम. पण तिला हवेत ५ व्होल्ट. जंगलातल्या गावात सेल संपले की आणायचे कुठून? पुढे युनिसेफने इलेक्ट्रॉनिक टायमर काढला, पण तो वेळ सांगायचा. श्वास मोजायचे बाईनेच.

असो. आता माझी निवड. आर्डुइनो उनो नुसता बसल्या जागी चाळीसेक मिलिअँपियर खातो. ईएसपी३२ चं वायफाय चालू झालं की शेकड्यात. मला हवाय बटणासारखा सीआर२०३२ सेल, साधारण २२० मिलिअँपियर-तासांचा. म्हणून हे दोन्ही बाद. एटीटायनी८५ फार आवडतो, १.८ व्होल्टवरही चालणारे प्रकार मिळतात. पण त्याच्या आतल्या घड्याळाची कंपनीने दिलेली अचूकता आहे १० टक्के. म्हणजे मिनिटात सहा सेकंदांचा घोळ, आणि पन्नासच्या जागी पंचेचाळीस! जिथे पन्नास की एकोणपन्नास यावर औषध ठरतं, तिथे हे चालायचं नाही. ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल जोडावा, तर रीसेट सोडून हातात तीनच पिना उरतात.

शेवटी एमएसपी४३०जी२२३१ वर आलो. २०१० साली ४.३० डॉलरच्या लॉन्चपॅडबरोबर तो मिळायचा, क्रिस्टलही त्याच खोक्यात. झोपेत असताना क्रिस्टल चालू ठेवूनही एक मायक्रोअँपियरच्या आत. रॅम किती? १२८ बाइट, थेट ८०५१ एवढी! आणि चौदा पिनांपैकी वीज, क्रिस्टल, प्रोग्रामिंग वजा जाता उरतात आठ. पाच हिरवे एलईडी, एक लाल, आणि दोन बटणं: वरच्या ओळीचं एक, खालच्या ओळीचं एक.