श्रेणीकृत कॉमिक : जुन्या स्लॅबची खरेदी

तज्ज्ञांनी तपासून, दर्जाचा आकडा देऊन कठीण पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत बंद केलेले कॉमिक. या पेटीला अमेरिकी संग्राहक ‘स्लॅब’ म्हणतात. २००० मध्ये सर्टिफाइड गॅरंटी कंपनी (सीजीसी) सुरू झाली आणि ही पद्धत रूढ झाली. नाण्यांचा दर्जा ठरवणाऱ्या एनजीसीची ही भगिनीसंस्था. नाण्यांच्या बाजारातली रीत तिने कॉमिकला लावली. त्याआधी ‘निअर मिंट’, ‘फाइन’ हे शेरे विक्रेताच देई आणि विकण्याची घाई असेल तसे ते सैल होत. सीजीसीची मोजपट्टी ०.५ ते १० अशी असून तिच्यात २५ पायऱ्या आहेत.

लेबलच्या रंगालाही अर्थ असतो. निळे नेहमीचे, पिवळे म्हणजे कंपनीच्या साक्षीदारासमोर झालेली स्वाक्षरी, हिरवे म्हणजे एखादा ठळक दोष बाजूला ठेवून दिलेला दर्जा, जांभळे म्हणजे रंग भरणे, कडा कापणे अशी दुरुस्ती झालेली प्रत. जांभळ्या लेबलाने भाव चांगलाच खाली येतो. मात्र १९४० च्या दशकातल्या काही प्रतींना किंचित रंग किंवा गोंद असूनही निळे लेबल मिळाले आहे आणि त्याची नोंद बारीक अक्षरांत आहे. जुना स्लॅब घेताना आकड्याआधी ती ओळ वाचावी.

पेटीच्या आत कॉमिक दुसऱ्या, पातळ पारदर्शक आवरणात असते. मुखपृष्ठाच्या व मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला आम्लवायू शोषणारा मायक्रोचेंबर कागद ठेवण्याची पद्धत आहे. जुन्या कॉमिकचा न्यूजप्रिंट मुळातच आम्लधर्मी. तो पिवळा आणि ठिसूळ होत जातो. पेटी ही क्रिया थांबवत नाही, आणि शोषक कागदाची ताकदही काही वर्षांनी संपते. २००३ मध्ये दिलेले ९.४ हे त्या दिवशीचे ९.४ होय. मधल्या काळात पेटी उन्हाच्या खिडकीत होती की कोरड्या कपाटात, हे लेबल सांगत नाही. मुखपृष्ठावरचे लाल-निळे रंग फिके वाटले, तर आकडा कितीही मोठा असो, जपून.

आवरणात कॉमिक सैल बसले असेल तर टपालाच्या हिसक्यांनी ते आत सरकते; कोपरे दुमडतात, पिनांपाशी ताण येतो. म्हणून चारही कोपऱ्यांची जवळून काढलेली छायाचित्रे मागावीत. पेटीवरचे ओरखडे मात्र गौण : कंपनी शुल्क घेऊन पेटी बदलून देते. २०१६ मध्ये आलेल्या नव्या पेटीत प्लॅस्टिकचे थर एकमेकांना चिकटून इंद्रधनुषी वलये दिसत. त्यावर ग्राहकांनी बरीच आरडाओरड केली, पण कॉमिकला त्याने काही होत नव्हते.

जुन्या स्लॅबचे खरे आकर्षण प्रेसिंगमध्ये आहे. रंग न तुटलेल्या वळ्या उष्णता, ओलावा आणि दाब देऊन सपाट करता येतात आणि सीजीसी याला दुरुस्ती मानत नाही. सुरुवातीच्या वर्षांतली प्रत प्रेस न केलेली असण्याची शक्यता अधिक, म्हणून ती घ्यायची, पेटी फोडायची, प्रेस करून पुन्हा तपासणीला पाठवायची. ९.२ चे ९.६ झाले तर भाव कितीतरी पटींनी चढतो. जुनी तपासणी अधिक कडक होती अशी समजूतही याला जोडलेली आहे. ती सरसकट खरी मानू नये. शिवाय विक्रेत्यालाही हे गणित येते, आणि वाढीची आशा तो बहुधा किमतीत आधीच धरतो. पेटी फोडल्यावर जुना आकडाही उरत नाही. नवा कमीही येऊ शकतो.

बंद पेटीतले कॉमिक चाळता येत नाही, ही या खरेदीतली मूळ अडचण. ‘इन्क्रेडिबल हल्क’चा १८१ वा अंक (१९७४) वूल्व्हरिनच्या पहिल्या पूर्ण कथेमुळे महाग आहे. त्याच्या आत छापलेले मार्व्हल व्हॅल्यू स्टॅम्पचे कूपन त्या काळच्या मुलांनी सर्रास कापून घेतले. कूपन शाबूत आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. तिथे लेबलवरच विसंबावे लागते.

हा विश्वास २०२३ च्या अखेरीस हादरला. कोणीतरी उच्च दर्जाच्या पेट्या उघडून आत कमी प्रतीचे अंक घातले होते आणि पेटी बदलण्याच्या सेवेतून त्यांच्यासाठी नवी कोरी पेटी मिळवली होती, असे उघड झाले. सीजीसीने संशयित प्रमाणपत्र क्रमांकांची यादी प्रसिद्ध केली. संकेतस्थळावर क्रमांक जुळला म्हणजे आतला अंकही तोच, असे आता गृहीत धरता येत नाही. जुन्या लिलावांतल्या छायाचित्रांशी मुखपृष्ठावरची प्रत्येक घडी आणि डाग ताडून पाहावा लागतो. कडांवर उचकटल्याच्या खुणा नसलेली, एकदाही न बदललेली पेटी या एका बाबतीत नव्या चकचकीत पेटीपेक्षा उजवी ठरते.