‘अलबेला’चा ठेका

लग्नाच्या वरातीत बँडवाल्याने ‘शोला जो भडके’ची धून धरली, की एरवी काठी टेकत चालणारे आजोबाही हात किंचित उंचावून दोन पावले टाकतात. मुंबईतील जुन्या पिढीच्या मनात नृत्यसंगीत म्हटले की प्रथम उभा राहतो तो १९५१ चा ‘अलबेला’.

दिग्दर्शक आणि नायक होते भगवान पालव, अर्थात भगवानदादा. गिरणी कामगाराच्या घरात वाढलेला हा कलावंत तोवर स्वस्तातल्या मारधाडपटांसाठीच ओळखला जाई. रूढ अर्थाने देखणा चेहरा नाही, नृत्याचे शास्त्रोक्त शिक्षण नाही. खांदे हलवीत, गुडघ्यांत किंचित वाकून टाकलेली ती संथ पावले कोणालाही जमण्यासारखी होती आणि लोकांना ती आपली वाटली, ती बहुधा याचमुळे. गीता बालीने त्यांना तितक्याच मोकळेपणाने साथ दिली.

संगीत होते सी. रामचंद्र यांचे. पुणतांब्याचे हे रामचंद्र नरहर चितळकर विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणे शिकलेले. मात्र पाश्चात्त्य वाद्यांशी त्यांनी जी दोस्ती केली, तिला तोड नव्हती. बोंगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन यांच्या मेळातून ‘शोला जो भडके’ उभे राहिले. लता मंगेशकरांबरोबर पुरुष आवाजही त्यांचाच. गायक म्हणून ते ‘चितळकर’ एवढेच नाव लावीत.

या ठेक्यामागे गोव्याचे मोठे ऋण आहे. पोर्तुगीज अमलात तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकविले जाई. पुढे ही मंडळी मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवू लागली आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जाऊ लागली. संगीतकाराने गुणगुणलेली चाल कागदावर उतरवायची, प्रत्येक वाद्याचा भाग लिहून काढायचा, हे काम पुष्कळदा त्यांचेच असे. श्रेयनामावलीत मात्र त्यांतील बहुतेकांना जागा मिळाली नाही. हळदोण्याचे अँटोनिओ झेवियर वाझ हे त्यांतले एक. ‘चिक चॉकलेट’ या नावाने ताजमहाल हॉटेलात गाजलेले हे ट्रम्पेटवादक सी. रामचंद्रांचे साहाय्यक होते. ‘अलबेला’त ते आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतात. हे भाग्य त्यांच्या किती बांधवांना लाभले?

भगवानदादांच्या वाट्याला ते यश पुन्हा आले नाही. ‘झमेला’ (१९५३) आणि ‘लाबेला’ हे पुढचे प्रयत्न फसले. जुहूचा बंगला गेला, मोटारी गेल्या आणि दादा दादरच्या चाळीत परतले. मिळतील त्या किरकोळ भूमिका ते करीत राहिले. ४ फेब्रुवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. २०१६ साली ‘एक अलबेला’ या मराठी चित्रपटात मंगेश देसाई यांनी त्यांची भूमिका साकारली.

गणेश विसर्जनाची मिरवणूक दादांच्या चाळीपुढे आली, की थबकत असे, अशी आठवण जुने दादरकर सांगतात. बँड तीच धून वाजवी आणि खाली पोरे दादांचीच पावले टाकीत.