बिनतारी यंत्राचा दुभाष्या

निपाणीच्या बाजारपेठेत दुभाष्याचे महत्त्व कोणास समजावून द्यावे लागत नाही. मराठी, कानडी आणि उर्दू या भाषा जेथे एकाच पेठेत कानी पडतात, तेथे एकाचे म्हणणे दुसऱ्यास कळविणारा कोणी नसला की सौदा अडतो. संगणकाच्या पोटातही असा एक दुभाष्या असतो. त्यास ‘ड्रायव्हर’ म्हणतात. बिनतारी लहरी पकडणारी चिप एक भाषा बोलते, संगणकाचा कारभार पाहणारी प्रणाली दुसरी बोलते. ड्रायव्हर त्या दोघींची गाठ घालून देतो. लिनक्स या प्रणालीस हा दुभाष्या मोठ्या कष्टाने मिळाला.

लिनक्सचा आरंभ १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने केला. तिची सारी घडण उघडी असल्याने ती कोणीही तपासावी, सुधारावी आणि दुसऱ्यास द्यावी. पुढे १९९७ साली संगणकांच्या बिनतारी जाळ्याचे ‘८०२.११’ हे प्रमाण ठरले. भारतात मात्र कायदा आड येत होता. १९३३ च्या कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र बाळगणे हा गुन्हा ठरला होता; रेडिओचा परवाना टपाल कचेरीत दरसाल नवा करून घेणारी पिढी बेळगाव-निपाणीतही होऊन गेली. जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट मिळाली आणि घरोघरी वायफाय येण्याचा मार्ग मोकळा झाला.

कायद्याचे कुलूप निघाले, तरी दुसरे कुलूप शिल्लक होते. बेळगावात १९९८ पासून विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आहे. अशा गावी जुना लॅपटॉप घेऊन त्यावर फुकट मिळणारी लिनक्स चढविणे हा बेताच्या ऐपतीच्या विद्यार्थ्यास मोठाच आधार. पडदा उजळे, कळफलक चाले, ध्वनी उमटे. फक्त वायफाय मुके राही. कारण चिप बनविणाऱ्या कित्येक कंपन्या तिची भाषा गुप्त ठेवीत. ब्रॉडकॉम कंपनीच्या चिपा पुष्कळ लॅपटॉपांत असत; पण त्यांचा दुभाष्या प्रामुख्याने विंडोजसाठीच घडविलेला असे.

यावर पहिला तोडगा निघाला तो उसनवारीचा. ‘एनडिसरॅपर’ नावाच्या साधनाने विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्सवर चालविता येऊ लागला. काम भागे, परंतु त्या परक्या दुभाष्याच्या चुका कोणास पाहता येत नसत, मग सुधारणे दूरच. दुसरा मार्ग कष्टाचा होता. काही स्वयंसेवकांनी कंपनीच्या ड्रायव्हरचे वर्तन बारकाईने न्याहाळून चिपच्या भाषेचे जणू व्याकरण लिहिले. ज्यांनी मूळ ड्रायव्हर उकलला नव्हता, अशा दुसऱ्या मंडळींनी केवळ त्या व्याकरणावरून नवा ड्रायव्हर रचला. नक्कल केल्याचा आरोप येऊ नये, म्हणून ही दक्षता. २००६ साली हा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला.

तरीही चिपच्या आत भरावयाची ‘फर्मवेअर’ नावाची आज्ञावली कंपनीच्याच मालकीची राहिली. ती वाटण्याची अनुज्ञा नसल्याने प्रत्येकाने ती स्वतः मिळवावी लागे. आणि ती मिळविण्यास इंटरनेट हवे! विहिरीत उतरण्याचा दोर विहिरीच्या तळाशी असावा, तसा हा प्रकार. तार जोडून किंवा दुसऱ्याच्या संगणकावरून ती आणावी लागे.

सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने आपल्या नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर प्रसिद्ध केला. डेबियन या लिनक्स-परिवाराने खुल्या तत्त्वाचा आग्रह दीर्घकाळ धरला होता. त्याच्या सभासदांनी २०२२ साली मतदान करून असे फर्मवेअर अधिकृत स्थापना-संचात देण्याचे ठरविले आणि २०२३ च्या आवृत्तीत ते आले. तत्त्वास थोडी मुरड पडली खरी, पण नवख्या माणसाची अडवणूक कमी झाली.

आजही एखादा लॅपटॉप अडतो. तेव्हा प्रथम वायफायची कळ बंद तर नाही ना, हे पाहावे; मग चिप कोणत्या जातीची आहे ते ओळखावे आणि तिचे फर्मवेअर आहे की नाही याची खात्री करावी. बहुधा उत्तर यांतच सापडते. ते इतके सोपे झाले आहे, कारण विकत घेतलेल्या वस्तूची भाषा जाणण्याचा हक्क काही माणसांनी सोडला नाही, आणि जे उमगले ते त्यांनी स्वतःपुरते ठेवले नाही.