अतिजोखमीची अँजिओप्लास्टी आणि हृदयाला यंत्राचा आधार : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
राजुरी (ता. जुन्नर, जि. पुणे) किंवा जुन्नर-आंबेगाव परिसरातील अन्य गावांत ‘अँजिओप्लास्टी’ हा शब्द आता अनोळखी राहिलेला नाही. मात्र हृदयाची डावी मुख्य धमनी अरुंद झालेली असेल आणि हृदयाची आकुंचनशक्तीही क्षीण असेल, तर फुगा फुगविताना काही क्षण थांबलेला रक्तपुरवठादेखील जिवावर बेतू शकतो. अशा वेळी हृदयाचे काही काम तात्पुरते यंत्राकडे सोपविले जाते. हे यंत्र कसे घडले आणि त्याची उपयुक्तता कशी तपासली गेली, या दोन भिन्न प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

के. ई. एम. रुग्णालयातील प्रयत्न :
या प्रश्नाशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. सापाच्या हृदयाचा स्नायू हृदयाच्या कप्प्यातूनच थेट रक्त घेतो. या निरीक्षणावरून मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी डॉ. उडवाडिया, डॉ. किनरे व डॉ. परुळकर यांच्यासह मानवी हृदयाच्या भिंतीत सूक्ष्म छिद्रे पाडण्याची पद्धत १९६५ मध्ये मांडली. फेब्रुवारी १९६८ मध्ये सेन यांनी तेथेच भारतातील पहिले हृदयारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. छिद्रांची पद्धतही पुढे बायपास शस्त्रक्रियेमुळे मागे पडली. कल्पना शास्त्रीयदृष्ट्या सुसंगत असली, तरी ती रुग्णाला तारेलच असे नाही, हा या प्रयत्नांचा धडा होय.

फुग्यापासून पंपापर्यंत :
अमेरिकेत एड्रियन कँट्रोविट्झ यांनी १९६७ मध्ये महाधमनीतील फुग्याचा पंप रुग्णांवर प्रथम वापरला. हृदयस्नायूला बहुतांश रक्त हृदय शिथिल असताना मिळते. नेमक्या त्याच वेळी हेलियमने फुगणारा हा फुगा रक्त हृदयाच्या धमन्यांकडे ढकलतो आणि आकुंचनापूर्वी रिता होऊन हृदयावरील भार हलका करतो. १९७७ मध्ये झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी अँजिओप्लास्टी सुरू केली. १९८० च्या सुमारास हा पंप शस्त्रक्रियेविना मांडीतील धमनीतून बसविता येऊ लागला आणि दोन्ही उपचार एकत्र आले. त्यानंतर ‘इम्पेला’ हा सूक्ष्म पंप आला. तो डाव्या जवनिकेतील रक्त ओढून महाधमनीत सोडतो. मार्च २०१५ मध्ये अमेरिकेत त्याला अतिजोखमीच्या अँजिओप्लास्टीसाठी मान्यता मिळाली.

पुराव्याची कसोटी :
फुग्याचा पंप चार दशके मोठ्या विश्वासाने वापरला गेला. कसोटी मात्र उशिरा लागली. २०१० मध्ये ब्रिटनमधील ३०१ रुग्णांच्या अभ्यासात अतिजोखमीच्या अँजिओप्लास्टीपूर्वी सरसकट फुगा बसविल्याने २८ दिवसांतील गंभीर घटना कमी झाल्या नाहीत. २०१२ मध्ये जर्मनीत हृदयविकारजन्य शॉकच्या ६०० रुग्णांमध्ये ३० दिवसांचे मृत्युप्रमाण फुगा असताना ३९.७ टक्के, तर नसताना ४१.३ टक्के आढळले. त्याच वर्षी ४५२ रुग्णांमध्ये फुगा व इम्पेला यांची तुलना झाली. ३० दिवसांच्या निष्कर्षात दोहोंत लक्षणीय फरक दिसला नाही. याउलट २०२४ च्या डॅनगर अभ्यासात तीव्र हृदयविकारजन्य शॉकच्या निवडक रुग्णांमध्ये इम्पेलामुळे १८० दिवसांचे मृत्युप्रमाण ५८.५ टक्क्यांवरून ४५.८ टक्क्यांवर आले. मात्र रक्तस्राव, पायाचा रक्तपुरवठा खंडित होणे व डायलिसिसची गरज या गुंतागुंती वाढल्या.

समारोप :
यंत्राचे मोल रुग्णाच्या निवडीवर अवलंबून असते, हे या इतिहासावरून स्पष्ट होते. शॉकमधील रुग्णासाठी वेळ निर्णायक असतो. राजुरीसारख्या गावातून सुसज्ज रुग्णालय गाठेपर्यंत तोच हातातून निसटतो. पूर्वनियोजित उपचारात मात्र विचारास अवधी असतो. स्टेंटच्या किमतींवर फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र शासनाने मर्यादा घातली. परंतु एकदाच वापरता येणाऱ्या या सूक्ष्म पंपाचा खर्च लाखांच्या घरात जातो. शेतकरी कुटुंबासाठी तो जमीन गहाण टाकण्याइतका मोठा ठरू शकतो. म्हणून यंत्र उपलब्ध आहे, एवढ्यावरच निर्णय होऊ नये. या रुग्णाला त्याचा लाभ किती, धोका किती आणि बायपासचा पर्याय आहे काय, या प्रश्नांची उत्तरे कुटुंबाला त्याच्या भाषेत मिळणे, हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.