बोरिवलीचं जंगल कुणी फिरण्यासाठी राखलं नव्हतं

चैत्र लागला की रविवारी सकाळी बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला वेगळीच गर्दी दिसते. पाठीला सॅक, हातात पाण्याची बाटली, डब्यात पोळीभाजी. अंधेरी, घाटकोपर, मुलुंडहून आलेली ही माणसं नॅशनल पार्ककडे निघालेली असतात. आत शिरलं की दहा मिनिटांत हायवेचा आवाज मागे पडतो. काटेसावरीला बोंडं धरलेली, कुठे एखादा पळस अजून फुललेला, कुसुमाला लालभडक पालवी, करवंदीच्या जाळीतून पांढऱ्या फुलांचा वास. वर कुठेतरी तांबट पक्ष्याचं टुक टुक एकसारखं चालू असतं.

दरवर्षी बरोबरचं कुणी ना कुणी विचारतं, "अहो, एवढ्या महागड्या जमिनीवर हे जंगल उरलं कसं?"

कुणी म्हणतं इंग्रजांची दूरदृष्टी, कुणी म्हणतं सरकारी नियम. पण इतिहास उलगडून पाहिला तर उत्तर एका शब्दात सापडतं. पाणी.

सुरुवात कान्हेरीपासून करू. गेटपासून सहा-सात किलोमीटर आत काळ्या बसाल्टच्या डोंगरात शंभरावर लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढची जवळजवळ हजार वर्षं इथे बौद्ध भिक्खूंची वस्ती होती. आपण चैत्यगृहातल्या उंच मूर्तींसमोर फोटो काढतो आणि परततो. पुढच्या वेळी जरा लेण्यांच्या दाराशी बघा. बहुतेक लेण्यांपाशी खडकात कोरलेलं पाण्याचं टाकं आहे. डोंगरावरून पन्हळी खोदून पावसाचं पाणी त्यात आणलेलं आहे. शिलालेखांत या टाक्याला 'पोढी' म्हटलंय. कल्याण, सोपारा अशा बंदरांतल्या लोकांनी इथे लेणी आणि पोढी दान दिल्याची नोंद आहे. बाजारपेठेतला माणूस पैसे खर्च करून डोंगरावर पाणी साठवण्याची सोय करत होता, तेही स्वतःसाठी नाही. पावसाळा सरला की या उघड्या कातळावर राहायचं, तर साठवलेल्या पाण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

आता एकदम १८५४ सालात येऊ. तेव्हाची मुंबई म्हणजे माहीम-शीवच्या अलीकडचं बेट. आपली उपनगरं साष्टीत, भातशेती आणि गावठाणांची. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात बेटावरच्या विहिरी आणि तळी आटली. पाणी बाहेरून आणायची वेळ आली, जनावरं शहरातून माहीमकडे हलवावी लागली. त्यानंतर हेन्री कोनीबेअर या इंजिनिअरची योजना उचलली गेली. मिठी नदी जिथून निघते त्या खोऱ्यात बांध घालायचा आणि पाणी नळाने शहरात न्यायचं. १८५६ मध्ये काम सुरू झालं, १८६० मध्ये विहार तलाव पूर्ण झाला. मुंबईला नळाचं पाणी पहिल्यांदा मिळालं ते इथून. ज्या मिठीला आपण आज नाला म्हणतो, तिच्या माथ्यावरून. ते पुरेना म्हणून १८७९ मध्ये वरच्या अंगाला तुळशी तलाव झाला.

पिण्याचं पाणी म्हटलं की आजूबाजूची जमीनही स्वच्छ ठेवावी लागते. म्हणून तलावांच्या पाणलोटात शेती आणि वस्ती नको, असं ठरलं. तिथल्या लोकांना याची किंमत मोजावी लागली, हे विसरून चालणार नाही. पण त्याच बंदीमुळे भोवतालचं रान टिकलं.

हा केवळ अंदाज नाही. पुरावा शेजारीच आहे. विहारला लागून दक्षिणेला पवई तलाव. १८९१ मध्ये तोही पिण्याच्या पाण्यासाठीच बांधला, पण पाणी पिण्यालायक निघालं नाही. मग तो राखायची गरज कुणाला? आज पवईच्या काठाने चक्कर मारा. रस्ते, टॉवर, हॉटेलं, जलपर्णी. मग नकाशावर विहार बघा, चहूबाजूंनी हिरवा. एकाच डोंगररांगेतले, एकमेकांना खेटून असलेले दोन तलाव. एकाचं पाणी मुंबई प्यायली, दुसऱ्याचं नाही. फरक एवढाच.

मौजेसाठी जंगल ही कल्पना त्यामानाने नवी. १८६७ मध्ये विरारहून मुंबईकडे पहिली लोकल धावली, तिच्या थांब्यांत बोरिवली होतं. त्यानंतर हे डोंगर शहरवाल्यांच्या एका दिवसाच्या टप्प्यात आले. पक्षी बघणारेही येऊ लागले. १९४१ मध्ये सालिम अली आणि हुमायून अब्दुलअली यांनी मुंबई आणि साष्टीच्या पक्ष्यांवर लिहिलं, त्यामागे याच भागातली भटकंती होती. स्वातंत्र्यानंतर कान्हेरीच्या जुन्या नावावरून 'कृष्णगिरी' राष्ट्रीय उद्यान झालं. पुढे ते बोरिवलीचं झालं आणि १९९६ पासून संजय गांधींच्या नावाचं. दरम्यान १९५७ मध्ये बोरिवली आणि मुलुंड मुंबई महापालिकेत आले. म्हणजे जंगल शहरात शिरलं नाही, शहर जंगलापाशी येऊन पोचलं.

मग अडचण कुठे आहे?

दर पावसाळ्यात आपण बातमी वाचतो, 'तुळशी भरला', 'विहार ओसंडला'. मीही अशा बातम्या केल्यात. पण आकडे नीट बघा. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकूण क्षमता सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर. त्यात विहार २७ हजार ६९८ आणि तुळशी ८ हजार ४६. दोन्ही मिळून जेमतेम अडीच टक्के. बाकी सगळं ठाणे, पालघर, नाशिककडच्या धरणांतून येतं. ज्या कारणाने हे जंगल दीडशे वर्षं टिकलं, ते कारणच आता अडीच टक्क्यांवर आलंय.

आणि कारण संपलं की काय होतं, ते पवईला दिसतंच.

दुसरं उदाहरण आरेचं. १९४९ साली तिथे दूध वसाहत उभी राहिली, शहरातले तबेले बाहेर काढण्यासाठी. म्हशींच्या निमित्ताने ती जमीन मोकळी राहिली. दुधाचं महत्त्व कमी झालं, तशी एकेक तुकड्यावर नजर गेली. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांवर झाडं पडली, तीही बरीचशी रात्रीच्या अंधारात. सर्वोच्च न्यायालयाने पुढची तोड थांबवली तोवर उशीर झाला होता. पण त्या रात्री तिथे धावत गेले कोण? आरेतल्या पाड्यांवरचे आदिवासी, आणि रविवारी तिथे फिरायला जाणारी पोरंपोरी. त्या गलक्यानंतरच २०२० मध्ये आरेतली आठशे एकरांहून जास्त जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली.

मला वाटतं, नवं कारण इथे सापडतं. पूर्वी पाणी पिणारे होते म्हणून जंगल राहिलं. आता तिथे जाणारे असतील तरच ते राहील.

आज पार्काच्या पोटातून ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं आणि गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या बोगद्यांचं काम हाती घेतलंय. मुलुंडच्या माणसाला गोरेगाव गाठायला किती वेळ लागतो, हे मला माहीत आहे. त्यामुळे बोगदेच नकोत असं म्हणत नाही. पण तोंडाशी किती झाडं गेली, त्या बदल्यात कुठे लावली, लावलेली जगली का, डोंगरातल्या झऱ्यांचं काय झालं, हे विचारणारं कुणीतरी हवं. ज्याने ती जागा पायांनी पाहिलीय, तोच ते नेटाने विचारतो.

तेव्हा मंडळी, या चैत्रात एक रविवार काढा. सोमवारी पार्क बंद असतं, हे लक्षात ठेवा. ऊन चढायच्या आत कान्हेरीला पोचा. प्लास्टिक आत नेऊ नका, स्पीकर तर अजिबात नको. पोरांना एखादी पोढी दाखवा आणि दोन हजार वर्षांपूर्वी हे पाणी कुणी कुणासाठी साठवलं ते सांगा. पाड्यावरची बाई करवंदं घेऊन बसली असेल तर घासाघीस न करता विकत घ्या. या रानात तिचा हक्क आपल्या आधीचा आहे.

आणि तुमच्या लहानपणी पार्कात, आरेत किंवा मुलुंडच्या डोंगरावर काय होतं जे आता दिसत नाही, ते खाली जरूर लिहा.