ध्वनिप्रवाहकाच्या जोडणी केबल

ध्वनिप्रवाहक म्हणजे वाय-फायवरून आलेले संगीत किंवा नभोवाणी घरातील अ‍ॅम्प्लिफायरला पुरवणारे लहान उपकरण. हे उपकरण बिनतारी म्हणवत असले तरी त्याचा शेवटचा टप्पा बहुधा तारेचाच असतो. कोणती केबल लागेल हे दोन गोष्टींवर ठरते: अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीमागे कोणते सॉकेट आहे, आणि अंकीय संकेताचे अ‍ॅनालॉग संकेतात रूपांतर कोणत्या पेटीत होणार आहे. केबलच्या किमतीचा विचार यानंतर येतो. दोन-तीन मीटरच्या घरगुती अंतरावर साध्या, नीट डाख दिलेल्या केबलमध्ये आणि महागड्या केबलमध्ये ऐकू येण्याजोगा फरक सहसा नसतो.

पार्श्वभूमी

गूगलने सप्टेंबर २०१५ मध्ये बाजारात आणलेले क्रोमकास्ट ऑडिओ हे या प्रकारचे परिचित उदाहरण. जुने अ‍ॅम्प्लिफायर व स्पीकर टाकून न देता त्यांनाच वाय-फायशी जोडता यावे, हा त्याचा हेतू होता. खोक्यात ३.५ मिमी पिनची एक आखूड केबल मिळे. आरसीए व प्रकाशीय केबल वेगळ्या घ्याव्या लागत. उपकरणाला ध्वनीसाठी एकच छिद्र होते, पण त्यातून अ‍ॅनालॉग संकेतही मिळे आणि प्रकाशीय संकेतही. त्याचे उत्पादन जानेवारी २०१९ मध्ये थांबले. नंतरच्या अनेक उपकरणांत आरसीए आणि प्रकाशीय सॉकेट स्वतंत्र असतात.

अ‍ॅनालॉग केबल

सर्वाधिक लागणारी केबल म्हणजे एका टोकाला ३.५ मिमी स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन आरसीए पिन. पांढरी (काही केबलवर काळी) पिन डाव्या बाजूची, तर लाल उजव्या बाजूची. ती अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’, ‘ट्युनर’, ‘सीडी’ किंवा ‘टेप’ या प्रवेशावर लावतात. ‘फोनो’ असे लिहिलेल्या प्रवेशावर ती लावू नये. आरसीए पिनेलाच फोनो पिन असेही नाव असल्यामुळे हा घोटाळा वारंवार होतो. तो प्रवेश तबकडीवादकाच्या अतिशय क्षीण संकेतासाठी असतो. तो खर्जाचे स्वर मुद्दाम वाढवतो आणि एकूण संकेतही अनेक पटींनी मोठा करतो. ध्वनिप्रवाहक त्यावर जोडल्यास आवाज फाटका व घुमणारा येतो.

युरोपीय पद्धतीच्या जुन्या यंत्रांवर आरसीएऐवजी पाच पिनांचे गोल डिन सॉकेट आढळते. त्यात २ क्रमांकाची पिन सामाईक जमिनीची असते. अ‍ॅम्प्लिफायरकडे येणारा डावा संकेत ३ वर आणि उजवा ५ वर जोडावा लागतो. १ व ४ या पिना टेपवर ध्वनिमुद्रण करण्यासाठी असल्याने, सगळ्या पिना ओळीने जोडलेली केबल येथे निरुपयोगी ठरू शकते.

भजनी मंडळे व सभागृहे वापरतात ते अ‍ॅम्प्लिफायर बहुधा एकवाहिनी असतात आणि त्यांना ६.३५ मिमी पिन लागते. डावी-उजवी तार थेट एकत्र पिळून एक करणे चूक आहे, कारण दोन्ही निर्गम एकमेकांवर भार टाकतात. प्रत्येक वाहिनीत सुमारे १ किलो-ओहमचा रोधक घालून मगच त्या एकत्र कराव्यात.

प्रकाशीय केबल

ही पद्धत तोशिबाने १९८३ मध्ये आणली. टॉसलिंक हे नाव त्यावरूनच पडले. प्लास्टिकच्या तंतूतून लाल प्रकाशाच्या रूपाने अंकीय संकेत जातो आणि रूपांतर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये होते. क्रोमकास्ट ऑडिओसाठी एका टोकाला ३.५ मिमी आकाराची मिनी-टॉसलिंक पिन असलेली केबल लागते. तंतू तीव्र कोनात वाकवल्यास संकेत तुटतो.

घरघर आणि अर्थिंग

नवी जोडणी होताच स्पीकरमधून सतत घरघर येऊ लागली, तर दोष केबलचा मानून महागडी केबल आणली जाते. प्रत्यक्षात कारण बहुधा जमिनीचे वेटोळे असते: अ‍ॅम्प्लिफायरला एक अर्थिंग भिंतीतील सॉकेटमधून मिळते आणि दुसरे टीव्हीच्या केबलमधून येते. दोहोंच्या विद्युतदाबात किंचित फरक असला की ध्वनिकेबलच्या वेष्टनातून ५० हर्ट्‌झचा प्रवाह वाहतो. टीव्हीची केबल क्षणभर सोडवून पाहिल्यास शंका फिटते. सर्व उपकरणे एकाच बोर्डवर घेणे, ध्वनिमार्गात लहान विलगक ट्रान्सफॉर्मर घालणे किंवा प्रकाशीय केबल वापरणे, हे त्यावरचे उपाय. प्रकाशीय तंतूतून वीज वाहत नसल्याने त्या मार्गाने वेटोळे तयारच होत नाही.

आणखी एक ‘उपाय’ सर्रास केला जातो: अ‍ॅम्प्लिफायरच्या तीन पिनी प्लगची जाड, लांब पिन काढून टाकणे. घरघर त्याने थांबतेही. पण ती पिन अर्थिंगची असते. आत चालू तार धातूच्या पेटीला टेकली, तर २३० व्होल्ट पेटीवर येतात आणि ध्वनिकेबलच्या वेष्टनातून ध्वनिप्रवाहकापर्यंतही पोहोचतात. वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी मेघेत, विदर्भातील इतर गावांप्रमाणेच, उन्हाळ्यात ओल्या फरशीवर उभा पाण्याचा कूलर हे नेहमीचे दृश्य आहे. सदोष अर्थिंगमुळे कूलरचा धक्का बसण्याचा धोका तेथे परिचित आहे. पिन काढलेला अ‍ॅम्प्लिफायर त्याच प्रकारचा धोका खोलीत आणखी एका जागी निर्माण करतो. कूलरचा पंप सुरू-बंद होताना येणारा ‘टक्’ आवाज मात्र वेगळा. त्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या बोर्डवर हलवणे पुरते.

दोन पिनी चार्जरवर चालणाऱ्या उपकरणाच्या पिनेला हात लावल्यास कधी मुंग्या येतात. चार्जरमधील संधारित्रातून झिरपणाऱ्या अत्यल्प प्रवाहामुळे हे घडते. आरसीए पिनेचा मधला भाग वेष्टनाच्या आधी टेकत असल्याने चालू अवस्थेत केबल लावली की स्पीकरमध्ये मोठा धमाका होतो. म्हणून केबल लावताना वा काढताना अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवतात.

वीजकेबल

ध्वनिप्रवाहकाला ५ व्होल्टची वीज यूएसबी केबलमधून मिळते. फार लांब व बारीक केबलमध्ये दाब घटतो आणि उपकरण मध्येच पुन्हा सुरू होऊ लागते. हा दोष अनेकदा वाय-फायचा समजला जातो. टीव्हीच्या यूएसबी सॉकेटवर ते जोडल्यास टीव्ही बंद होताच संगीतही बंद पडू शकते.